न्हाणीघरातली बागायत

साथीच्या काळात ज्या शेतकऱ्यांचा माल पडून राहिला त्यांना सरकार मदत देणार आहे, ही बातमी कॅशियरला कोपऱ्यावरच्या वाण्याने सांगितली. साबणाची वडी कागदात गुंडाळता गुंडाळता तो अगदी सहज म्हणाला, "तुम्हीही अर्ज करून टाका. तुमचंही पीक वाया गेलंच ना."

कॅशियरने आधी मागे वळून पाहिलं. मागे कोणी शेतकरी उभा नव्हता. म्हणजे हे आपल्यालाच उद्देशून आहे, हे लक्षात आल्यावर तो जरा सुखावला आणि मग सुखावल्याबद्दल ओशाळला.

त्याला अजूनही सगळे कॅशियरच म्हणत. वास्तविक ज्या हॉटेलाच्या गल्ल्यावर तो वर्षानुवर्षं बसला होता ते साथीत बंद पडलं, आणि "परिस्थिती सुधारली की बोलावतो" असं सांगून मालक जो गेला तो गेलाच. घर बायकोच्या पगारावर चालू होतं. बायको पोस्टात खिडकीवर होती आणि पोस्ट काही बंद पडलं नाही. ती एका शब्दाने बोलली नव्हती, आणि तेच अवघड होतं. ती बोलली असती तर कॅशियरला निदान भांडता आलं असतं. तसं काही नसल्यामुळे तो सकाळी ती कामावर गेली की घरभर फिरे आणि विजेची बटणं बंद आहेत की नाहीत ते पाही. घरात काहीतरी आपल्या हाताने आणून ठेवावं, एवढंच त्याला वाटत होतं, आणि ते दिवसभर वाटत होतं.

अशा फिरण्यातच त्याला मागच्या न्हाणीघराचा शोध लागला. त्याच्या घरात दोन न्हाणीघरं होती. मागचं अंधारं आणि कोंदट होतं, आणि वरच्या मजल्यावरून तिथे कायम पाणी झिरपत असे. अंधार, कोंदटपणा आणि ओल, या तीन गोष्टी माणसाला नकोशा असल्या तरी मशरूमला हव्या असतात, हे त्याला मोबाइलवरच्या एका चित्रफितीतून कळलं. त्याने पेंढा आणला, उकळला, पिशव्यांत भरला, बियाणं पेरलं आणि पिशव्या नळाच्या पाइपापासून टॉवेलच्या दांडीपर्यंत ओळीने टांगल्या.

त्याच्या आईला हा प्रकार समजेना. "भिंतीला बुरशी आली की पुसायची आणि पिशवीत आली की विकायची," ती दारातून डोकावून म्हणाली, "हा कुठला न्याय?"

पण पीक आलं. बाजाराजवळच्या खानावळवाल्या बाईंनी ते विकत घेतलं, पुन्हा मागितलं, आणि कॅशियर गल्लीतून जरा ताठ चालू लागला. मग साथीची दुसरी लाट आली, खानावळ बंद झाली, आणि नेमकं त्याच वेळी न्हाणीघरात असं काही पीक फुटलं की दार ढकलायला जागा राहिली नाही. घरातले तिघं सकाळ-संध्याकाळ मशरूम खात राहिले. शेवटी आईने ताट बाजूला सारलं आणि आपण आता साधा भात खाऊनच जगू, असं जाहीर केलं. उरलेलं पीक काळं पडलं आणि फेकावं लागलं. त्या रात्री कॅशियर जेवला नाही.

तर हे ते वाया गेलेलं पीक. वाण्याने सुचवल्यावर कॅशियर शेतकी कचेरीत गेला आणि अर्ज घेऊन आला. इथपर्यंत सगळं सुरळीत होतं. पुढे जे झालं त्याला कॅशियरचा प्रामाणिकपणा जबाबदार आहे.

दुसऱ्या कोणी "जमिनीचा प्रकार" या रकान्यात काहीतरी ठोकून दिलं असतं. कॅशियरने लिहिलं, "न्हाणीघर." जमीन जिरायत की बागायत, यावर त्याने पुष्कळ विचार केला. नुसत्या पावसावर पिकते ती जिरायत, बाहेरून पाणी येतं ती बागायत, आणि बागायतीला मदत जास्त. पाऊस न्हाणीघरात येत नव्हता. पाणी बाहेरून येत होतं. त्याने "बागायत"वर खूण केली, आणि "पाण्याचा स्रोत" या रकान्यात स्वच्छ अक्षरात लिहिलं: "वरच्या मजल्यावरून. बारमाही."

आता हा वरचा मजला म्हणजे कालवेकाका. काका पाटबंधारे खात्यातून निवृत्त झालेले. त्यांच्या न्हाणीघराच्या जमिनीतला पाइप कुठेतरी फुटला होता आणि त्यावरून त्यांचं आणि कॅशियरचं कित्येक वर्षं बोलणं नव्हतं. बोलणं नव्हतं, पण पत्रव्यवहार मात्र होता. कॅशियर दर पावसाळ्याआधी त्यांच्या पेटीत पत्र टाकी, "विषय: आपल्या न्हाणीघरातील गळती बंद करणेबाबत." काका त्याच पत्राच्या पाठीवर "पाहणी करून कळवू" असा शेरा मारून परत पाठवत. पाहणी कधी झाली नाही. खात्यातली सवय माणसाला निवृत्तीनंतर एकदम सुटत नाही, हे आपण समजून घेतलं पाहिजे.

शेतकी खात्यातून पाहणीला बाई येणार असल्याचं कळलं आणि वाण्याच्या दुकानात सल्ल्यांना ऊत आला. वाणी म्हणाला, अंगात जुना सदरा घाला, इस्त्रीचा घालू नका. दूधवाला म्हणाला, हवं तर माझी म्हैस दारात बांधतो, शेतकऱ्याच्या दारात जनावर शोभतं. म्हैस कॅशियरच्या दारातून आत शिरली असती आणि बाहेर मात्र आली नसती, म्हणून तो बेत रद्द झाला. शेजारचा शिंपी आपल्या दुकानात बसून फक्त एवढंच म्हणाला की सरकारी माणूस घरात येणार तर घर नीटनेटकं पाहिजे. हे वाक्य काकांचा सदरा न्यायला आलेल्या काकूंनी ऐकलं आणि वर जाऊन काकांना सांगितलं.

काकांना वाईट वाटलं. खालच्या माणसाशी आपलं बोलणं नसलं, तरी त्याच्याकडे सरकारी पाहणी येणार आणि पाहणीला आलेल्या बाईंच्या डोक्यावर आपलं पाणी टपकणार, हे त्यांच्या मनाला लागलं. त्यांनी त्याच दिवशी नळवाल्याला बोलावलं आणि इतक्या वर्षांची गळती एका दुपारी बंद करून टाकली.

कॅशियर संध्याकाळी न्हाणीघरात गेला तर तिथे शांतता. टप टप आवाज नाही. छत कोरडं होऊ लागलेलं. दोन दिवसांत पिशव्यांवर नव्याने फुटलेल्या कोवळ्या कोंबांच्या कडा सुकून वळल्या. तो बाटलीने पाणी फवारत राहिला, पण त्या भिंतींतून येणारी ओल बाटलीत कुठून येणार. आणि त्याहून मोठी अडचण म्हणजे अर्जात "बारमाही" असं त्याच्या सहीनिशी लिहिलेलं. कागदावर एक आणि प्रत्यक्षात एक, असं त्याच्या गल्ल्यावर कधी झालं नव्हतं.

"सांगा की काकांना, पाणी बंद झालं म्हणून," बायको म्हणाली.

"इतकी वर्षं बंद करा म्हणून लिहिलं. आता काय लिहू?"

"चालू करा म्हणून."

तिला हे सोपं वाटत होतं, कारण पत्र तिला लिहायचं नव्हतं. कॅशियरने कागद घेतला, "विषय: गळती पूर्ववत सुरू करणेबाबत" एवढं लिहिलं आणि त्याची मान आपोआप खाली गेली. असलं पत्र पेटीत टाकता येणार नाही, हे स्वतः जाऊनच सांगायला हवं, हे त्याला पटलं. तो जिना चढला. मध्यावर थांबून तो एकदा खाली उतरला आणि पुन्हा चढला.

दार काकांनीच उघडलं. दोघांनी मास्क वर ओढले, त्यामुळे चेहरे झाकले गेले, हे एक बरं झालं.

"काका," कॅशियर म्हणाला, "तुम्ही गळती काढलीत."

"काढली. आभार मानायला आलात?"

"नाही. म्हणजे हो. पण ती परत हवी होती."

काकांनी चष्मा काढून पुसला. ऐकू येण्याशी चष्म्याचा संबंध नसतो, पण त्यांनी पुसला. कॅशियरने मग सगळं सांगितलं: पिशव्या, खानावळ, वाया गेलेलं पीक, अर्ज, बागायत. पाण्याचा स्रोत म्हणून आपण काय लिहिलंय, हेही सांगितलं.

"बारमाही लिहिलंत?"

"होतंच ना ते."

"आत या," काका म्हणाले, आणि खुर्ची पुढे सरकवली. "अहो, मी जन्मभर कालव्यावर काम केलं. आमचा कालवा ज्या शेतांसाठी खणला तिथवर पाणी कधी पोचलंच नाही. कधी मध्येच फुटायचा, कधी वरचे लोक पाणी वळवायचे, कधी धरणातच नसायचं. शेतकरी कचेरीत येऊन शिव्या द्यायचे. तुमचं पाणी आमच्या पिकाला लागलं, असं मला आजवर कोणी सांगितलं नाही." त्यांचा आवाज जरा ओला झाला होता आणि ते त्यांनी लपवलं नाही. "मला वाटायचं, तुम्ही नुसती तक्रारच करताय."

"तक्रारच करत होतो," कॅशियर म्हणाला. काकूंनी चहा आणला.

दुसऱ्या दिवशी नळवाल्याला पुन्हा बोलावणं गेलं. त्याने मागणी शांतपणे ऐकून घेतली आणि हत्यारांची पिशवी खांद्याला लावून तो परत निघाला. "मी गळती काढून देतो," तो दारातून म्हणाला, "गळती बसवून देत नाही. उद्या चार लोक बोलतील. माझं नाव खराब होईल."

त्याची समजूत काढायला दोघांना मिळून अर्धी सकाळ लागली. अखेर काकांनी खात्यातला उपाय सुचवला. पाइपाला एक बारीक तोटी बसवायची आणि तिची चावी वर ठेवायची. तोटी म्हटल्यावर नळवाल्याचा जीव भांड्यात पडला. ही गळती नव्हे, ही सोय आहे, असं तो खाली उतरताना दोनदा म्हणाला. काकांनी लगेच पाण्याच्या पाळ्या ठरवल्या. सकाळी एक पाळी, संध्याकाळी एक, आणि जादा पाणी हवं असल्यास कॅशियरने काठीने छत ठोकायचं. पिशव्या पुन्हा टवटवीत झाल्या.

पाहणीच्या दिवशी शेतकी खात्यातल्या बाई आल्या त्या दमलेल्या होत्या. त्यांनी सकाळपासून बरीच शेतं पायाखाली घातली होती आणि बुटांना त्याचा चिखल होता. कॅशियर जुन्या सदऱ्यात उभा होता. इस्त्रीचा घातला असता तर बरं झालं असतं, असं त्याला वाटत होतं.

"शेत कुठे आहे?" बाईंनी विचारलं.

"स्वयंपाकघरातून डावीकडे," आईने आतून सांगितलं.

बाईंनी न्हाणीघर पाहिलं. त्यांच्या चेहऱ्यावर काही उमटलं असेल तर ते मास्कच्या आत राहिलं. त्यांनी फीत काढून मापं घेतली, पिशव्या मोजल्या आणि खानावळवाल्या बाईंची जुनी बिलं पाहिली. छपराखालच्या पिकाला पिशवीच्या हिशेबाने मदत मिळते, असा नियम असल्याचं त्यांनी सांगितल्यावर कॅशियरने पिशव्या स्वतःही पुन्हा एकदा मोजल्या.

"चतुःसीमा सांगा," बाई मोबाइलवर रकाने उघडत म्हणाल्या.

"पूर्वेला स्वयंपाकघर. पश्चिमेला शिंप्याची भिंत. उत्तरेला बोळ. दक्षिणेला आईची खोली." कॅशियर थांबला. "आणि वर कालवेकाका."

"मोबाइलमध्ये 'वर' ही दिशा नाही," बाई म्हणाल्या.

"पण पाणी तिकडूनच येतं."

"ते वेगळ्या रकान्यात. आता तुमचा पिकात उभं राहून फोटो लागेल. पूर्ण उंचीचा."

न्हाणीघरात पूर्ण उंचीचा फोटो घेणं ही साधी गोष्ट नाही. बाई मागे सरकत सरकत स्वयंपाकघराच्या ओट्याला टेकल्या, तरी कॅशियरचे पाय येईनात. पाय आले तेव्हा डोकं गेलं. शेवटी कॅशियरने गुडघे किंचित वाकवले आणि डोकं दोन पिशव्यांच्या मधून बाहेर काढलं, आणि या खटपटीत हातातली काठी छताला लागली.

वर काका ठोक्याची वाटच पाहत बसले होते. सरकारी माणसासमोर पाणी कमी पडलं असं नको व्हायला, म्हणून त्यांनी चावी फिरवली ती शेवटपर्यंत. आयुष्यभर अडवून धरलेलं पाणी एकदम सोडावं तसं ते खाली आलं. ते कॅशियरच्या डोक्यावर आलं, पिशव्यांवर आलं, उंबरठा ओलांडून स्वयंपाकघरात आलं. बाईंनी शांतपणे बूट काढून हातात घेतले, फोटो काढला, आणि मोबाइलवर टिपून घेता घेता म्हणाल्या, "पाणी पुरेसं आहे, असं लिहिते."

एवढ्यात दारात बायको उभी राहिली. पोस्टातून नुकतीच आली होती, खांद्याला पिशवी, हातात छत्री. तिने पाण्याकडे पाहिलं, अनवाणी बाईंकडे पाहिलं, नवऱ्याकडे पाहिलं आणि फडकं आणायला वळली.

"थांबा, तुम्हीच का?" बाई म्हणाल्या. "घर तुमच्या नावावर आहे ना? जमीनमालक म्हणून तुमची संमती लागेल. पुढचं वर्षभर ही जागा शेतीशिवाय दुसऱ्या कशाला वापरणार नाही, असं लिहून द्यावं लागतं."

कॅशियरच्या अंगावरून पाणी निथळत होतं, पण तोंड कोरडं पडलं. हे कलम त्याने वाचलं नव्हतं. इतरांचे कागद उलटसुलट तपासणारा माणूस स्वतःच्या अर्जाच्या मागच्या बाजूला गेलाच नव्हता. त्याला सकाळ आठवली. पुढच्या न्हाणीघरात आई शिरली की ती सगळे देव आठवून मगच बाहेर येई, आणि बायको दाराबाहेर घड्याळाकडे पाहत उभी असे. कित्येकदा तशीच तोंड धुऊन कामावर जाई. पिशव्या निघाल्या की मागचं मोकळं होईल, असं त्याने तिला कधीच कबूल केलं होतं.

"राहू दे," तो बाईंना म्हणाला. "मी अर्ज मागे घेतो. एवढं काही अडलेलं नाही."

बायकोने फडकं ओट्यावर ठेवलं आणि कागद हातात घेतला. पोस्टातल्या माणसाला शोभेल असा तिने तो पहिल्या ओळीपासून वाचला.

"म्हणजे वर्षभर इथे अंघोळ नाही," ती म्हणाली.

"नाही," बाई म्हणाल्या. "नियम आहे."

"यांनी हे पीक कसं सांभाळलंय, ते तुमच्या रकान्यांत लिहायला जागा नाही, म्हणून सांगते," बायको बाईंना म्हणाली. "हे पहाटे उठून एकेक पिशवी बघतात. नोकरी होती तेव्हा मला तीनदा हाक मारावी लागायची." मग तिने पेन मागितलं. "सही इथे ना? आणि कसणाऱ्याचं नाव?"

ते नाव तिनेच लिहिलं. कॅशियर वाकून पाहत होता आणि त्याच्या केसांतलं पाणी कागदावर पडू नये म्हणून तिने एका हाताने त्याला मागे सरकवलं. त्याला रडू येत होतं, आणि चेहरा सगळा ओलाच असल्यामुळे त्याने ते येऊ दिलं.

मदत मंजूर झाली. लहान शेतकऱ्यांची रक्कम पोस्टातून मिळेल, अशी पाटी पोस्टाच्या फाटकावर लागली. कॅशियर या वेळी इस्त्रीचा सदरा घालून गेला. पोस्टात एकच खिडकी उघडी होती, आणि तिच्यामागे कोण बसलं होतं हे सांगायला नको. रांगेत त्याच्या पुढेमागे खरेखुरे शेतकरी होते, रापलेल्या मानांचे, कमी बोलणारे. मागच्याने विचारलं, "तुमचं काय पीक?"

"मशरूम."

"नाजूक काम," तो म्हणाला. "पाणी आहे का?"

"आहे. वरून येतं."

"नशीबवान आहात," मागचा म्हणाला, आणि मनापासून म्हणाला.

कॅशियरचा नंबर आला. काचेमागे बायकोने मान वर केली नाही. ती सगळ्यांना विचारत होती तेच तिने त्याच आवाजात विचारलं. "नाव?"

त्याने नाव सांगितलं.

"व्यवसाय?"

इथे तो अडला. तोंडातून सवयीने "कॅश" एवढं निघालं आणि थांबलं. मग तो हळूच म्हणाला, "शेतकरी."

"मोठ्याने सांगा. काचेतून ऐकू येत नाही."

"शेतकरी," तो म्हणाला. रांगेत कोणी हसलं नाही. मागच्याने नुसता पाय बदलला.

तिने नोटा मोजून फटीतून पुढे सरकवल्या. त्याने त्या पुन्हा मोजल्या. बायकोने मोजल्या म्हणून न मोजता घ्याव्यात, असं त्याच्या धंद्यात बसत नव्हतं. रक्कम फार नव्हती. हॉटेलात एखाद्या शनिवारी एका टेबलाचं बिल तेवढं होई. त्याने ती सगळीच्या सगळी परत फटीतून आत ढकलली.

"घरखर्चाला," तो म्हणाला.

"हे इथे घेता येत नाही," ती म्हणाली, आणि नोटा पुन्हा बाहेर आल्या. "पुढचे या."

तो बाहेर पडला, पण घरी गेला नाही. पोस्टाच्या पायरीवर बसून राहिला. शेतकरी एकेक करून निघून गेले, शिपायाने फाटक ओढलं, आणि ती पिशवी खांद्याला लावून बाहेर आली. दोघं चालू लागली. पोस्टाची भिंत संपली तिथे ती थांबली आणि तिने हात पुढे केला.

"आता ड्यूटी संपली," ती म्हणाली. "द्या."